आख वीतभर मागे

मागच्या वर्षीचा पौष महिना, बुधवार. वेळ सकाळी आठ. ठिकाण : गावाबाहेरच्या नहराचा (कालव्याचा) पूल, कामठ्याच्या बाजूचा उतार. हजर : मी, माझे यजमान, गोंदियाचे टेंट हाऊसवाले भाऊ, दूध घालणाऱ्या सुमनताई, गूळ-फुटाणे विकणारे मारोतीभाऊ, प्लास्टिकच्या खुर्चीवर काठी आडवी घेऊन बसलेल्या काकू, आणि ज्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं ते काका. मोटरसायकली चार, त्यांच्यामागे लावायच्या ट्रॉल्या चार, धानाचे भरलेले कट्टे सहा.

ही नोंद माझ्या वहीत आहे. मी गावच्या बचत गटाची सचिव. चार माणसं एका जागी उभी राहिली की माझा हात हजेरी लिहायला लागतो. त्या दिवशीही लिहिली. काकांचं नाव तेवढं लिहिलं नाही, कारण त्यांनीच अडवलं. "म्या ट्रॉलीवर नाव नाई टाकलं, तर तू वहीत कायले टाकून राहिली?" म्हणून तिथे नुसतं 'काका' आहे, आणि इथेही तेच ठेवते.

काका मूळचे बंड्या करणारे. बैलाची बंडी लाकडातून उभी करण्यात त्यांची चाळीसेक वर्षं गेली. मग बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, घरोघरी मोटरसायकली आल्या, आणि बंडी कोणी मागेनासं झालं. काकांनी वेल्डिंगचं मशीन घेतलं आणि मोटरसायकलमागे जोडायच्या दोन चाकी लोखंडी ट्रॉल्या करायला घेतल्या. आमच्या भागात किरकोळ धंदा करणाऱ्याला अशी ट्रॉली फार उपयोगाची. टेम्पो परवडत नाही, आणि गाडीच्या कॅरिअरवर माल मावत नाही. काकांनी एकूण अकरा विकल्या. चौथी आमची. आम्ही वांगी, मिरची, टोमॅटोची रोपं करतो आणि ट्रे भरून आठवडी बाजारात नेतो.

ट्रॉली घेऊन आठ महिने झाले असतील. एके दुपारी काका सायकलवरून आमच्या अंगणात आले. सायकलच्या हँडलला कानाने अडकवलेला एक पांढरा कप लोंबकळत होता. मला वाटलं, पाणी प्यायला आलेत.

"तुमची ट्रॉली वापस पायजे," ते म्हणाले.

"काऊन जी?" यजमान म्हणाले. "मस्त चालते. खराब कुठं आहे?"

"तुमची नाई खराब. माही आहे. म्याच खराब केली."

ट्रॉलीत बाजाराचे ट्रे भरलेले होते. काकांनी हँडलचा कप काढला, माझ्याकडे दिला आणि चहा मागितला. चहा आल्यावर तो स्वतः न पिता यजमानांच्या उजव्या हातात दिला. गाडीचा हुक सोडला, ट्रॉलीची दांडी यजमानांच्या डाव्या हातात दिली आणि म्हणाले, "प्या आता."

यजमानांनी आरामात चहा प्यायला. दांडी उचलावी लागलीच नाही, तीच वर जाऊ पाहत होती. आम्हाला याचं कौतुक होतं. आमची ट्रॉली किती हलकी आहे बघा, असं आम्ही पाव्हण्यांना दाखवत असू.

"पूर्ण पेला?" काकांनी विचारलं.

"हो."

"मंग ट्रॉली मेली."

त्यांची परीक्षा एवढीच होती आणि ती त्यांनी शेवटपर्यंत बदलली नाही. माल भरलेल्या ट्रॉलीची दांडी एका हाताने उचलता आली पाहिजे आणि दुसऱ्या हाताने चहा पिता आला पाहिजे, पण अर्ध्या कपाला हात भरून आला पाहिजे. पूर्ण कप संपला तर दांडीवर भार नाही. घोटसुद्धा घेता आला नाही तर भार फार. मारोतीभाऊ डावखुरे होते, त्यांनी उलट्या हातांनी करून दाखवलं. काका म्हणाले, चालते, चहा तोच आहे.

ट्रॉलीत चूक काय होती, हे मला त्यांनी अंगणातल्या मातीत काडीने काढून समजावलं. दोन्ही चाकं ज्या दांड्यावर बसतात तो आख. बंडीत आख जवळजवळ मधोमध असतो. पुढे बैलाच्या मानेवर थोडा भार यायला हवा, तो बंडीवाला बसल्या जागेवरून पुढे-मागे सरकून जमवतो. बैलही मान हलवून आपलं जमवून घेतो. काकांचा हात चाळीस वर्षं तेच करत आलेला. लोखंड आलं तरी आख मधोमधच बसला. आणि मोटरसायकलला मान नसते. माल थोडा जरी मागे गेला, की दांडी वर उठते, गाडीचं मागचं चाक जमिनीला नुसतं चाटत जातं, आणि उताराला ट्रॉली शेपटीसारखी डुलायला लागते. एकदा डुलली की गाडीलाही घेऊन जाते.

"आख वीतभर मांगं न्यायचा," ते म्हणाले. "बस. एवढीच गोष्ट. चाळीस वर्षात वीतभर चुकलो."

वीत त्यांची स्वतःची नव्हती. खिशात बांबूची एक पट्टी असायची, ती काकूंच्या वितीची. आपला हात वयाने पसरला आहे, त्यावर भरवसा नाही, असं त्यांचं म्हणणं. टेप त्यांच्याकडे होती. टेपने ते दार, खिडकी, लोखंडी कपाट मोजत. ट्रॉली मात्र त्या पट्टीनेच.

पट्टी काकूंची का, हे मला काकूंनीच सांगितलं. मी जुन्या ट्रॉल्यांची मापं उतरवून घ्यायला त्यांच्या घरी गेले होते. त्या लोखंडी खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या.

"बारावी ट्रॉली आमची घरची होती," त्या म्हणाल्या. "तांदूळ भरून येऊन रायलो होतो. नहराचा उतार आला. मी बंडीवाल्याची पोर. उताराले बंडीचा भार बैलाच्या मानेवर पडते, म्हून घरचं कोणी ना कोणी मांगच्या टोकावर जाऊन बसते. लहानपणापासून मीच बसो. तर मी उठली आन् मांगं जाऊन बसली. ह्यायले सांगितलंबी नाई."

"मग?"

"मंग काय. ट्रॉली अशी, अशी, अन् अशी." हात दोनदा डावीकडे-उजवीकडे झुलला आणि तिसऱ्यांदा पालथा पडला. "हे तिकडं, मी इकडं, तांदूळ पाण्यात. पाय मोडला तो मोडलाच."

काका दाराशी बसून लोखंड घासत होते.

"दवाखान्यातून आली तं त्याच ट्रॉलीची खाट करून ठेवली होती ह्यायनं," काकू म्हणाल्या. "मले पाडणाऱ्या लोखंडावरच मले निजवलं."

"चांगलं लोखंड होतं," काका म्हणाले.

"लोखंड चांगलंच होतं जी. करणारा कसा होता ते बोलून रायली." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दवाखान्यात रडत बसले होते, तुहा पाय माह्या आखानं गेला म्हून. म्या म्हटलं, माहा तं गेला. अजून अकरा जागी बायका बसून रायल्या आहेत मांगं. उठा. अन् आता वीत माही घ्या, तुमची चुकली."

तेव्हापासून काका त्या अकरा ट्रॉल्यांच्या मागे लागले होते. दुसऱ्या कोणाचा पाय जायच्या आत प्रत्येक ट्रॉलीचा आख वीतभर मागे न्यायचा. नवीन ट्रॉली करणं त्यांनी तोवर बंद केलं. अडचण अशी की कोणती ट्रॉली कोणाला दिली, हे त्यांनी कधी लिहून ठेवलं नव्हतं. चेहरे आठवत, गाव आठवत नसे. गाव आठवलं तर माणूस नाही. माझ्याकडे वही होती. मी एका पानावर एक ते अकरा आकडे घातले. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'वहीवाली' झाले.

त्या दिवसांत त्यांच्याबद्दल बाजारात बरंच काही बोललं जाई. कामठ्याच्या बाजारात ते मोटरसायकलच्या ट्रॉल्या दिसतील तिथे खाली आडवे होऊन आख बघत. एका कांदेवाल्याला वाटलं, म्हातारा पिऊन पडलाय. त्याने तांब्याभर पाणी तोंडावर मारलं. काका खालूनच म्हणाले, "माही नोहे ही. पण तुहा हुक कॅरिअरले बांधला आहे, तो खाली घे. उंचावरून ओढशील तं पुढचं चाक उचलंल."

रस्त्यात ट्रॉलीवाली गाडी थांबली दिसली की ते पुढे जाऊन, काही न बोलता दांडी दाबून बघत. सोबत दोन साखळ्या असत. हुक निसटला तर ट्रॉली रस्त्यावर मोकळी सुटू नये, म्हणून दांडीखालून फुलीसारख्या अडकवायच्या. ज्याच्या ट्रॉलीला साखळी नसेल त्याला ते आपली देऊन टाकत आणि तो निघून गेल्यावर घरी जाऊन दुसरी करत. मोठ्या रोडवर न्यायची म्हणणाऱ्याला ते उभं करत नसत. आधी आरटीओत विचारून ये, मग आपल्याच गावच्या रस्त्याने हळू चालव, हायवेवर दिसलास तर दांडी कापून नेईन. एकाची खरोखर नेली, असं ते सांगत. काकू म्हणत, नेली नाही, नुसते करवत घेऊन गेले होते.

आणि चालवायला शिकवायची त्यांची पद्धत एकच. आधी तू बैल हो. माल भरलेली ट्रॉली माणसाने हाताने ओढत नहराच्या पुलापर्यंत न्यायची, चढवायची, उतरवायची, परत आणायची. मीही ओढली आहे. शेजारणी दारात उभ्या राहून बघत होत्या. पण उताराला मागून येणारा तो रेटा मी तेव्हा पाठीत घेतला. त्यामुळे गाडी चालवताना उतार दिसण्याआधीच माझा गिअर खाली येतो. ब्रेक दाबून धरायचा नाही, वळणावर अंग टाकायचं नाही, मोठं वळण घ्यायचं, हे सगळं मला त्या एका फेरीत कळलं. "मांगचं जनावर दिसत नाई," ते म्हणायचे, "म्हून त्याची खबर घेत रायजो."

आमची ट्रॉली दुरुस्त झाली. आणखी तीन त्यांनी सहज केल्या. मग गाडं अडलं. काही मालक ऐकेनात. दोन वर्षं ठीक चालली आहे, धंद्याचे दिवस आहेत, आख काढून ट्रॉली चार दिवस उभी कोण ठेवणार? काका एकाच माणसाकडे पाच-पाच वेळा जात. टेंट हाऊसवाले भाऊ तर त्यांना बघून शटर खाली घेत. शेवटी काकांनी बुधवारचा दिवस ठरवला, आणि मी सगळ्यांना फोन केले. दुरुस्त झालेली म्हणून आमची ट्रॉली होती. बाकी तीन जुन्याच.

भाऊ उशिरा आले. धिप्पाड माणूस, नव्वद किलो सहज. ट्रॉलीत सतरंज्यांच्या वळकट्या.

"काका, अपना तो दो साल से एकदम फिट चल रहा है," ते म्हणाले. "पूरी शादी का सामान जाता है इसमें. आप कायको टेन्शन लेते?"

"दांडी धरा."

"मैं?"

"गाडी सोडा. आज तुमीच गाडी."

"भाऊ तं डबल इंजिन आहेत," मारोतीभाऊ म्हणाले. सगळे हसले. भाऊही हसले. त्यांनी बाह्या दुमडल्या.

यजमान खाली जाऊन रस्ता अडवून उभे राहिले. वळकट्या उतरवून सहा कट्टे ट्रॉलीत चढवले, चार आखाच्या पुढे, दोन मागे. भाऊ दांडी धरून पुलावरून खाली निघाले. ट्रॉली रेटत होती, भाऊ टाचा रोवत होते, पण ट्रॉली सरळ येत होती.

"धक्का मारून रायली?" काकांनी वरून विचारलं.

"मार रही है. पर सीधी आ रही है. देखो, मैं बोला था ना!"

सगळ्यांनी मिळून ट्रॉली परत वर आणली. काकांनी पुढचे दोन कट्टे उचलून अगदी मागच्या फळीला लावले.

"कट्टे कायले," काकू खुर्चीवरून म्हणाल्या. "मीच बसतो ना मांगं."

"तू खुर्चीवरून हालशील तं याद राखजो," काका म्हणाले. एवढ्या मोठ्या आवाजात बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं. मग भाऊंना म्हणाले, "मी सोड म्हटलं की सोडा. विचार नाई करायचा."

भाऊ निघाले. सपाटीवर त्यांनी दांडी कशीबशी दाबून धरली होती. उताराला चौथ्या पावलावर ती उठली. आधी त्यांच्या टाचा सुटल्या, मग एक चप्पल मागे राहिली. नव्वद किलोचा माणूस चवड्यांवर नाचत खाली चालला होता. ट्रॉली डावीकडे गेली, भाऊंनी उजवीकडे जोर लावला, तशी ती उजवीकडे दुप्पट गेली.

"सोड! सोड! सोड!"

भाऊंनी सोडली. दांडी सरळ आभाळाकडे गेली आणि ट्रॉली मागच्या फळीवर घसटत, वळत, बेशरमाच्या झुडपांत जाऊन आडवी झाली. दोन कट्टे फुटले.

भाऊ रस्त्यावर एका पायात चप्पल घालून उभे होते. घाम पुसला, ट्रॉलीकडे पाहिलं. तोवर मी त्यांच्या तोंडून हिंदीशिवाय काही ऐकलं नव्हतं. ते मराठीत म्हणाले, "काका, माझी बायको मागेच बसते हो. सतरंज्यांवर. पोराला घेऊन."

"मालूम आहे," काका म्हणाले. "म्हून तं तुमच्याकडं अकरा चकरा मारल्या."

"आजच न्या ट्रॉली."

काकांना जिंकल्यासारखं वगैरे काही झालं नाही. ते झुडपात शिरून फुटलेल्या कट्ट्यांतलं धान ओंजळीने गोळा करत होते. सुमनताई आणि मारोतीभाऊ आपापल्या ट्रॉल्या तिथेच सोडून गेले. मी वहीत तीन आकड्यांपुढे वेळ टाकली. ट्रॉल्या दुरुस्त झाल्यावर खूण केली.

उरलेल्यांसाठी आम्ही उन्हाळाभर फिरलो. वेल्डिंगचं मशीन आमच्या ट्रॉलीत, यजमान गाडीवर, काका त्यांच्या मागे. उतार आला की काका गाडी थांबवून उतरत आणि पायी खाली येत. यजमान म्हणत, "काका, आता तं तुमीच नीट केली आहे ना ट्रॉली?" काका म्हणत, "केली आहे. पण करणारा तोच आहे." वीज नसली की ते त्या घरी बसून राहत, आणि वाट बघता बघता त्या घरातल्या बायकांना मागे न बसण्याबद्दल सांगत. पुरुषांना ते फार सांगत नसत. पुरुष मागे बसत नाहीत, असं त्यांचं निरीक्षण होतं.

दहा झाल्या. राहिली सातवी. ती तिरोड्याच्या एका भाजीवाल्याला दिली होती. त्याने ती विकली होती, घेणाऱ्याने पुन्हा विकली होती, आणि ती देवरीकडे जंगलातला माल आणणाऱ्या कोणाकडे गेली एवढाच पत्ता लागला. हिरवा रंग, उजव्या फळीला ठोका. काका दोनदा बसने देवरीला जाऊन आले, तिथल्या बाजारात ट्रॉल्यांखाली निजले, आणि मळलेल्या कपड्यांनिशी परत आले.

भाद्रपदात ते गेले. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी सकाळी उठले नाहीत. मी भेटायला गेले तेव्हा काकू त्याच खाटेवर बसल्या होत्या. बायका भोवती होत्या. मी शेजारी टेकायच्या आत त्यांनीच विचारलं, "सात नंबर?"

"नाही अजून."

"हं," त्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

मागच्या आठवड्यात देवरीच्या बसचे एक कंडक्टर आमच्याकडे मिरचीची रोपं घ्यायला आले. सगळ्यांना विचारते तसं त्यांना विचारलं. त्यांनी हिरवी ट्रॉली पाहिली आहे. हायवे सोडून आत जंगलात एक रस्ता जातो, त्या फाट्यावर. गाडीवर एक माणूस, ट्रॉलीत पोती, आणि पोत्यांच्या मागे, अगदी टोकावर, दोन बायका पाय खाली सोडून बसलेल्या. ठोका आहे का ते त्यांनी पाहिलं नाही. फाट्याचं नाव मी लिहून घेतलं.

आता माघ संपत आला आहे. अजून थोड्या दिवसांनी मोहफुलं पडायला लागतील. मग त्या ट्रॉलीला रोज फेऱ्या असतील, आणि वरच्या गावांकडून येणारा रस्ता सगळा उताराचा आहे, असं कंडक्टर म्हणाले. वेल्डिंगला काकांचे जावई यायला तयार आहेत. यजमान उन्हाळी धानाच्या रोवण्यात अडकले आहेत, रोपांचे ट्रे बाजाराला तयार आहेत, गटाची बैठक तोंडावर आहे. काकू म्हणतात, मी येतो. त्या माणसाशी तुमी बोला, त्या दोघींशी मी बोलतो.

"कशाने याल?" मी विचारलं.

"बसनं. तुमच्या ट्रॉलीत नाई."

वहीत सात आकड्यापुढे लिहिलं आहे : मोह पडायच्या आत देवरीला जाणे. अजून झालेलं नाही.